शुक्रवारच्या तिरक्या पट्ट्या

२ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या धाकटीला सलाम आणि आशीर्वाद,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आई म्हातारपणी शाळेत गेलेली नाही. हे अक्षर सिस्टरचं. सिस्टर म्हणजे आमच्या मिशनच्या टोळीतली निवृत्त नर्स. माझ्याच खोलीत, पलीकडच्या खाटेवर असते. मी सांगते, ती लिहिते. ‘टोळी’ शब्द तिला रुचला नाही, ‘पथक’ लिहू का म्हणाली. मी म्हटलं, तोंडातून पडेल ते लिही बाई, नाहीतर पोरीला वाटेल आईच्या नावाने भलतंच कोणी बोलतंय.

फोन का नाही केला म्हणशील, तर तो तू उचलत नाहीस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आता ऐक. मी विमानात बसले! झोपाळ्यावरसुद्धा जिला गरगरतं ती मी, ढगांच्या वर! खाली बघितलं तर मैलोन् मैल नुसता पिंजलेला कापूस. मनात आलं, एवढ्यात किती गाद्या भरून होतील! शेजारी सिस्टर डोळे मिटून प्रार्थना करत होती आणि मी गाद्यांचा हिशेब. (हे लिहिताना तिने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.)

आणि उतरले कुठे? तुझ्या देशात. तुझं गाव इथून बसने तीन तास. पत्ता तुझ्या वहिनीने दिला. दादाला कळू द्यायचं नाही अशी शपथ तिने मला घातलीय, तीच मी तुला घालते.

आम्ही अकरा जण आहोत, महिनाभरासाठी. इथे पोटापाण्याला आलेल्या लोकांना सुवार्ता सांगायची. पुढारी म्हणून तरुण पाळक आहेत. माणूस सरळ, पण रोज जेवायच्या आधी विचारतात, “आज किती जणांनी ऐकलं?” मी त्यांचं नाव मोजणीसाहेब ठेवलंय. रस्त्यावर पत्रकं वाटायला माझे गुडघे नाहीत. आणि कोणी विचारलं, आजी, यात काय आहे, तर मी काय सांगू? कागद पांढरा आहे म्हणून? त्यामुळे मला हॉल दिलाय.

हॉल म्हणजे खाली टायरचं दुकान, वर एक लांबच लांब खोली. मालक ती वारावारीने भाड्याने देतो. शुक्रवारी दुपारी मुसलमानांची नमाज, शनिवारी संध्याकाळी हिंदूंचं भजन, रविवारी सकाळी आपली उपासना. एक हॉल, तीन संसार! शुक्रवारी खुर्च्या नकोत, सतरंज्या हव्यात. शनिवारी सतरंज्या राहू द्यायच्या, पुढे फक्त टेबल लावायचं. रविवारी सतरंज्या गुंडाळायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि खिळ्यावर क्रूस लावायचा. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात आपली गीतांची पुस्तकं, मधल्यात त्यांच्या टोप्या आणि जपमाळा, खालच्यात टाळ. तिथे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. ही सगळी मांडामांड आता माझ्याकडे.

मुद्द्याचं सांगते. तीस तारखेला आमचं परतीचं विमान. त्याआधी मला तुला बघायचंय. आणि तिला. चार नातवंडांची आजी आहे मी, पण पाचवीचा फोटोसुद्धा बघितलेला नाही. पाच वर्षांची झाली म्हणे. तू ये, नाहीतर नुसतं ‘ये’ म्हण, मी येते.

त्या दिवशीचं मनात असेल तुझ्या. तू जावयांना घेऊन आशीर्वादाला आलीस तेव्हा मी मागे स्वयंपाकघरात होते. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. दार वाजलेलं मला ऐकूच आलं नाही. तुझ्या बाबांचा स्वभाव तर तुला माहीतच होता. आता ते नाहीत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

तुझी आई


७ सप्टेंबर, रविवार

धाकटे,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. नसू दे. सांगण्यासारखं एवढं झालंय की उत्तराची वाट बघत बसले तर पोट फुटेल.

गुरुवारी दुपारी मी खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि जमिनीकडे बघितलं. तर काय, सगळ्या जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या, आणि सगळ्या तिरक्या! या कोपऱ्यातून निघालेली त्या खिडकीशी जातेय. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला वाकडी ओळ बघवते का? मला वाटलं, ज्याने लावल्या त्याला बिचाऱ्याला माप घेता येत नसणार. बसले गुडघ्यांवर. एकेक पट्टी सोलली. टेप घेतली, खडू घेतला आणि भिंतीला धरून सगळ्या पुन्हा सरळ लावल्या. मग पट्ट्यांच्या मधून सतरंज्या अंथरल्या. तीन तास लागले. पण अशा दिसत होत्या सांगू, जशी इस्त्रीची घडी! आता सगळ्यांना दाखवून शाबासकी घ्यायची, म्हणून शुक्रवारी मी मागच्या पडद्याआड बसून राहिले.

माणसं यायला लागली. बेकरीतले, गवंडी, टॅक्सीवाले. पट्ट्यांशी येऊन थबकायची. कोणी इकडे तोंड केलं, कोणी तिकडे, दोघं तर समोरासमोर. त्यांच्यात वडीलधारे आहेत ते घड्याळजी. खालच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतात. आपल्याकडचेच, इथे येऊन जन्म गेला. पहिल्या दिवशी मी त्यांना सलाम केला, तर ते मला त्यांच्यातलीच समजले होते. मी म्हटलं, आम्ही ख्रिस्ती माणसं पाळकांनाही सलामच करतो. तेव्हा केवढे हसले होते! तर हे घड्याळजी दारात उभे, दाढीत बोटं घालून. मी पडद्याबाहेर आले.

“आजी, या पट्ट्या कोणी सरळ केल्या?”

“मी! किती सुबक दिसतंय ना?”

“सुबकच आहे. फक्त आता आम्ही सगळे टायरच्या गोदामाकडे तोंड करून नमाज पढू.”

त्यांना एका ठरल्या दिशेलाच तोंड करून उभं राहायचं असतं, आणि त्या रांगांसाठीच त्या पट्ट्या तिरक्या होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, “मला वाटलं, लावणाऱ्याचा हात वाकडा.”

“हात माझाच होता,” घड्याळजी म्हणाले. “पण आजी, दिशा वाकडी नाही. इमारत वाकडी बांधलीय.”

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे खरंच अंगणच वाकडं निघालं!

कोणी ओरडलं नाही गं. पन्नास-साठ माणसं माझ्या सरळ पट्ट्यांवर तिरकी उभी राहिली. आणि मग काय झालं, ऐक. सगळे एकदम वाकले. एका झटक्यात सगळी कपाळं जमिनीला. सुई पडली असती तर ऐकू आली असती. ऐकू आले ते गुडघे. कटकट कटकट, थेट माझ्यासारखे! माझा पदर आपोआप डोक्यावर गेला. त्या माणसांनी वाईट कोणाचं काय केलं असेल-नसेल, तो त्यांचा आणि वरच्याचा हिशेब. पण मी आयुष्यभर समजत होते की तिकडे काहीतरी भयंकर चालतं. आणि तिकडे काय, तर गुडघे दुखणारी माणसं जमिनीला कपाळ लावत होती.

नमाज झाल्यावर घड्याळजी, दोन गवंडी आणि मी, चौघांनी जमिनीवर बसून पट्ट्या पुन्हा तिरक्या केल्या. होकायंत्र घड्याळजींच्या हातात, खडू माझ्या. गवंडी म्हणाला, “आजी, तुमची रेघ आमच्या ओळंब्यापेक्षा सरळ.” म्हटलं, “तेच तर चुकलं, बाबा.”

शनिवारी पुन्हा धांदल. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्या भजनाच्या म्होरक्या. टेबलावर तसबीर, समई, फुलं. मी मागे उभी राहिले, मनाशी पक्कं ठरवून की हात हलवायचा नाही. अगं, त्यांनी टाळ उचलले आणि जी चाल धरली, ती आपलीच! रविवारी आपण म्हणतो ती! चाल आपली आणि शब्द त्यांचे, की चाल त्यांची आणि शब्द आपले, देव जाणे. सिस्टर म्हणतेय, हे लिहू नये. लिही गं! माझे हात कधी टाळ्या वाजवायला लागले मला कळलंच नाही. शेवटी बाईंनी सफरचंदाची फोड हातावर ठेवली. प्रसाद. मी ती धरून उभी. खाऊ तर शास्त्र आडवं येतं, ठेवू तर माणूस दुखावतं. बाई म्हणाल्या, “आजी, नको असेल तर राहू द्या, कोणी रागावणार नाही.” तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि फोड गडप! सिस्टर! म्हणे, साखर उतरली होती. आता बघ, हे वाक्य किती बारीक अक्षरात लिहितेय.

ये गं. तीस तारीख काही थांबत नाही.

आई


१६ सप्टेंबर, मंगळवार

बाळ,

जावयांची चिठ्ठी पोचली! सिस्टरने मोठ्याने वाचून दाखवली, मी चार वेळा वाचायला लावली. ‘ती तुमची पत्रं मला वाचून दाखवते. पट्ट्यांच्या ठिकाणी हसली, खूप महिन्यांनी. तुम्हाला एकच विचारायला सांगितलंय: दाराचं खरं काय?’

हसलीस! माझी पोरगी हसली! मी सिस्टरला हाताला धरून खोलीभर फिरवलं, तिचा चष्मा पडला.

पण इकडे एक घोळ झालाय. मोजणीसाहेबांनी काल बोलावलं. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा. म्हणाले, “आजी, शुक्रवारी ती माणसं आत गेली की चपला बाहेर असतात. एकेका जोडात एकेक पत्रक. पन्नास-साठ जणांपर्यंत एका झटक्यात पोचेल.”

मी म्हटलं, “साहेब, मला एक दिवस सुटी हवी होती. मुलीकडे जायचंय.”

“एकट्याने पथक सोडायचं नाही असा नियम आहे, आजी. पासपोर्ट म्हणूनच माझ्याकडे ठेवलेत. पण तुम्ही एवढं काम केलंत तर मी स्वतः तुम्हाला बसमध्ये बसवून देईन.”

बघ कशी गाठ बसली. साठ कागद चपलांत सरकवायचे, की तू. माझ्या हाताला टाका लपवायची सवय आहे. साठ कागद म्हणजे किस झाड की पत्ती. मी गठ्ठा उचलला. जिन्यापर्यंत आले. मग परत जाऊन टेबलावर ठेवला. म्हटलं, “साहेब, प्रभूचं नाव मी कोणाच्याही तोंडावर घेईन. पण माणूस देवाशी बोलत असताना त्याच्या चपलेत हात घालणार नाही.”

ते म्हणाले, “मग नियम म्हणजे नियम.”

तेव्हा आता मला येता येणार नाही. तुलाच यावं लागेल.

दाराचं पुढच्या पत्रात सांगते. आज सिस्टरचा हात दुखतोय.

आई


१७ सप्टेंबर, बुधवार

सिस्टरचा हात दुखत नव्हता. कालचं पत्र अजून टाकलेलं नाही, दोन्ही एकाच पाकिटात येतील. काल पत्र घडी करताना ती मला म्हणाली, “आजी, माझ्या हातावर कशाला ढकलता?” म्हणून आज सांगते. तिने दोनदा पेन खाली ठेवलंय. तू मात्र पत्र खाली ठेवू नकोस.

त्या दिवशी कुकर नव्हता. मी दाराच्या आत उभी होते. कडीवर हात होता माझा. तू तीनदा वाजवलंस. जावई म्हणाले, “झोपले असतील.” तू म्हणालीस, “आई दुपारची झोपत नाही.” ऐकलं मी. फटीतून तू दिसत होतीस, निळी साडी, काठ मी लावलेला.

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी मला अडवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, “तू बघ, तुला काय करायचं ते.” गावाला मात्र मी सांगत आले की नवऱ्याने उघडू दिलं नाही. ते ऐकायचे आणि गप्प बसायचे. मरेपर्यंत त्यांनी ते स्वतःवर घेतलं. तूही सहा वर्षं त्यांचाच राग केलास, त्यांच्या मातीलासुद्धा आली नाहीस. तो राग माझ्या नावचा होता.

का नाही उघडलं? मोठं काही कारण नाही. मनात आलं, रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर कुठल्या तोंडाने बसू. बस, एवढंच. एका बाकासाठी.

माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. तू विचारलंस, मी सांगितलं.


२१ सप्टेंबर, रविवार

धाकटे,

धर घट्ट काहीतरी!

काल संध्याकाळी तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ. ‘गुरुवारी मी घरी असते.’ ‘ये’ म्हटलेलं नाहीस, ‘नको’ही नाही. सिस्टर म्हणाली, दवाखान्यात याला प्रकृतीत सुधारणा म्हणतात.

पण पासपोर्ट साहेबांकडे आणि नियमही साहेबांकडे. आज उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली. एकेक जण उठून सांगत होता, मी इतक्या घरी गेलो, इतक्यांनी ऐकलं. मी उठले. सिस्टरने माझा पदर ओढला, पण जित्याची खोड!

मी म्हटलं, “मंडळी, मी इथे कोणाचा आत्मा वाचवायला आलेली नाही. मी खोटं बोलून आले. माझी मुलगी इथून तीन तासांवर राहते. तिने मुसलमानाशी लग्न केलं म्हणून मी सहा वर्षांपूर्वी तिला दारातून परत लावलं, आणि दोष नवऱ्यावर ढकलला. या हॉलमध्ये शुक्रवारची माणसं माझी चूक पायाखाली घेऊन उभी राहिली आणि कोणी मला बाहेर काढलं नाही. शनिवारच्यांनी माझ्या हातावर फळ ठेवलं, वर नको असेल तर राहू द्या म्हणाले. मी मात्र पोटच्या पोरीला पाणी विचारलं नाही. येशू माझा तारणारा आहे, त्यात तसूभर फरक नाही. म्हणूनच गुरुवारी मी जाणार. नियम मोडला तर मोडला.”

मला वाटलं, आता मला पुढच्या विमानात भरणार. मोजणीसाहेब लालेलाल. त्यांनी गीत सांगितलं, आम्ही म्हटलं, बेसूर.

खुर्च्या उचलत होते तेव्हा ते जवळ आले. हातात माझा पासपोर्ट. म्हणाले, “आजी, माझी आई माझ्या बायकोशी नऊ वर्षं बोललेली नाही.” आणि मग, “आता आजच्या अहवालात काय लिहू? किती जणांनी ऐकलं?”

म्हटलं, “एकीने. मीच ती. लिहा.”

हसले गं! आणि दोन खुर्च्या स्वतः उचलल्या.

गुरुवारी सकाळी नऊची बस. घड्याळजींनी कागदावर तुझ्या स्टॉपचं चित्र काढून दिलंय: पाण्याची टाकी, तिच्या पुढे चौक. औषधवाल्या बाईंनी ओकारीची गोळी दिलीय. सिस्टरने साडीला इस्त्री केली, पण निऱ्या मीच घालणार, तिच्या निऱ्या म्हणजे बँडेज. मला झोप येत नाहीये, भूक लागत नाहीये, साठ वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं!

येते.

आई


२७ सप्टेंबर, शनिवार

सिस्टरला सलाम,

अक्षर बदललं म्हणून घाबरू नको, मी जिवंत आहे. हे माझ्या धाकटीचं अक्षर. जावई म्हणाले मी लिहितो, पण ही म्हणाली, “द्या इकडे. तुम्ही तिचे टोमणे गाळाल.”

स्टॉपवर कोणी नव्हतं. मी टाकीकडे बघत उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग रस्त्याच्या पलीकडे एक बाई दिसली, कडेवर न मावणारी पोरगी कडेवर घेऊन. ती कधीपासून तिथेच उभी होती. बघत होती, मी काय करते ते. मी काय करणार? हॉर्न वाजवणाऱ्या तीन गाड्यांमधून सरळ तिच्याकडे चालत गेले. तर पहिलं वाक्य काय बोलावं तिने? “सिग्नल बघत नाहीस का, आई!”

(लिहितेय बघ, नाकाचा शेंडा लाल झालाय. लिही, लिही, तेही लिही.)

घरी आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “आता तू प्रार्थनेला कुठे जातेस गं?” ती म्हणाली, “सहा वर्षांनी आलीस आणि पहिला प्रश्न हा?” मग म्हटलं, “बरं, बटाटे कुठे ठेवतेस?” ते तिने सांगितलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून माहीत नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. माझ्या हिशेबाने हा मोठाच चमत्कार आहे.

नात माझ्याच वळणावर गेलीय, चोंबडी. मला विचारते, “तू इतके दिवस का नाही आलीस?” मी इकडे-तिकडे बघितलं. माझी लेक भांडी घासत होती, पण नळ बंद केला तिने, ऐकायला. मी म्हटलं, “मी चुकीचं वागले म्हणून.” पोरगी म्हणाली, “मग कोपऱ्यात उभं राहायचं.” राहिले बाई! दहा आकडे मोजेपर्यंत. जावई दारात येऊन बघतात तो सासू कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे! त्यांना वाटलं मला चक्कर आली.

बाबांबद्दल आम्ही दोघी काल दुपारभर बोललो. ते तुला सांगणार नाही. ती खूप रडली, माझ्यावर ओरडली, दार आपटून बाहेर गेली, आणि भाजी घेऊन परत आली.

हे पत्र आजच्याच बसने पाठवतेय, म्हणजे वेळेत मिळेल. तर निरोप असा. साहेबांना सांग, मंगळवारच्या विमानात माझी जागा रिकामी जाऊ दे. कागदांवर मला इथे आणखी दोन महिने राहता येतं, जावयांनी बघून सांगितलं. घड्याळजींना सलाम सांग, आणि पुढच्या गुरुवारी सतरंज्या घालताना पट्ट्यांना कोणाला हात लावू देऊ नका म्हणावं. तू घरी पोचलीस की कळव. तुझी साखर सांभाळ, दुसऱ्याच्या हातातली फळं खाऊ नकोस.

शेवटी मी म्हटलं, “आता लिही, माझ्या मुलीने मला माफ केलं.”

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, “ते मी लिहिणार नाही. अजून केलेलं नाही.”

“बरं. मग लिही, अजून केलेलं नाही.”

लिहिलं तिने. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढे लिहू का, दोन महिन्यांत बघू?”

लिही बाई. तुझ्या हाताने लिही.